किंगरीची उचकी

खडकवंडच्या तळ्याच्या बांधावर चढायचे तर आधी पायातले काढावे लागते. जवळपास देऊळ नाही, समाधी नाही, शेंदूर फासलेला साधा दगडही नाही, त्यामुळे नवखे पाहुणे बुचकळ्यात पडतात. पण गावचे ज्योत्याजी तात्या काठी आडवी धरून वाटेतच उभे असतात. "वहाणा खाली. ह्यो बांध पायांनी बांधलाय, पायांनीच बघायचा," असे म्हणून ते भल्याभल्या साहेबांना अनवाणी चालवतात. कुणी कुरकुरले तर म्हणतात, "तुमच्या पायाला काटा टोचंल, आमच्या बांधाला न्हाई टोचायचा."

बांध निव्वळ मातीचा आहे. घाटमाथ्याच्या पूर्वेला, पाऊस जिथे पोचेपर्यंतच दमून जातो अशा मुलखात हे तळे आहे. आसपासचे सिमेंटचे बंधारे दर दोन वर्षांनी गळू लागतात, पण हा मातीचा बांध पाझरल्याचे कुणाच्या ऐकिवात नाही. या तळ्याला उचकीचे तळे म्हणतात. आणि इकडच्या गावांत हळदीला, नव्या खळ्यावर, घरभरणीला किंगरीवर जी नाचाची चाल वाजते तिचेही नाव उचकीच. नाचणारे ठेक्यात पुढे सरकत असतात, मध्येच किंगरी अडखळते, तसे सगळे एक पाय उचलून जागच्या जागी थबकतात. किंगरी पुन्हा बोलली की सगळ्यांचे पाय एकदम आपटतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, वाजवणारा चुकला. तात्या हसून म्हणतात, "चुकलाच व्हता की! पर असा चुकला, की गाव तरलं."

त्याची हकीकत अशी सांगतात.

फार पूर्वी खडकवंडला पाणीच नव्हते. बायकांचे अर्धे आयुष्य घागरीखाली जाई. शेजारच्या गावांतले लोक चेष्टा करत, की खडकवंडला लेक देण्यापेक्षा विहिरीत ढकलावी, पण तिथे ढकलायला विहीर तरी कुठे आहे! गावचे पाटील हैबतराव हे बोलणे ऐकून गप्प बसत. माणूस मोजके बोलणारा आणि हट्टी. दोन टेकड्यांमधून ओढा वाहतो तिथे बांध घालायचा, असे त्यांनी मनात घेतले आणि सगळे गाव कामाला जुंपले. पहिला बांध पहिल्याच पुराने नेला. दुसरा श्रावणापर्यंत टिकला, लोकांनी तळ्यात नारळही सोडला, आणि त्याच आठवड्यात बांध मधोमध फुटून खालची उभी पिके वाहून गेली. तिसऱ्या साली दुष्काळ पडला. जनावरे चाऱ्यासाठी घाटाखाली धाडलेली, त्यामुळे बांधाच्या पोटातली चिकणमाती तुडवायला बैल नव्हते. माणसेच तुडवू लागली. पाटील रोज तिन्हीसांजेला येऊन आपली काठी त्या मातीत रोवून बघत. काठी लोण्यात जावी तशी वीतभर आत जाई. पाटील ती उपसून घेत आणि घरी जात.

अशा दिवसांत शिदनाथ गोसावी फेरीवर आला.

शिदनाथ डवरी गोसावी. करवंटीवर कातडे मढवलेली आणि बांबूचा दांडा लावलेली किंगरी खांद्याला, आणि तिच्यावर फिरवायचा घोड्याच्या केसांचा, घुंगरे बांधलेला गज हातात. हा गज त्याला त्याच्या गुरूने दीक्षेच्या दिवशी दिला होता. गोसाव्याच्या हातात गज नसेल तर त्याने दारात भिक्षा मागायची नाही, असा त्यांचा नेम. दरसाल तो घाटाखालून निघे आणि दारोदार नवनाथांची पदे गात घाटावर येई. भिक्षेच्या झोळीबरोबर तो आणखीही एक ओझे वाही. ते म्हणजे निरोप. घाटाखालच्या आया त्याच्याजवळ घाटावर दिलेल्या लेकींसाठी निरोप देत.

त्यातली एक होती जांभूळतळीची बयाबाई. तिची लेक राही खडकवंडच्या पाटलांची धाकटी सून. राहीला शिदनाथाने अंगणात रांगताना पाहिले होते, तिच्या बारशाला किंगरी वाजवली होती. बयाबाईचा निरोप दरसाल एकच असे. "तिला म्हणावं, उचकी लागली की समज, आई जात्यावर बसलीया." आणि राहीचे उत्तरही ठरलेले. "आयेला सांगा, वाईच कमी आठवण काढत जा. भाकरी थापताना उचकी लागती, नि जावा हसत्यात."

यंदाही शिदनाथ पाटलांच्या दारात उभा राहिला आणि निरोप सांगायला त्याने तोंड उघडले. पण भिक्षा घेऊन आलेली राही बघून तो तसाच थांबला. तिच्या अंगावर कोरे हिरवे लुगडे होते. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. गावात खायला दाणा नाही आणि सुनेला नवे लुगडे!

"काय सण म्हणायचा गं, पोरी?" त्याने विचारले.

"माजाच हाय," राही म्हणाली.

तेवढ्यात पाटलीणबाई बाहेर आल्या. त्यांनी भरल्या सुपाने जोंधळा त्याच्या झोळीत ओतला, आणि शिदनाथाकडे न बघताच आत वळल्या. मग त्याच्या लक्षात आले. बांध टिकेना, पाणी धरेना, की अशा गावात शेवटी कोणता बोल निघतो, ते त्याला ठाऊक होते. तशी गाणी त्याने स्वतः दारोदार म्हटली होती. भानू देवऋषीने सांगितले होते, की पाणी पाटलांच्या घरची भरल्या कपाळाची सून मागतेय. थोरल्या सुनेच्या मांडीवर लेकरू, मधली पोटुशी. धाकटीचा नवरा मुलूखगिरीवर गेलेला, कूस अजून उजवायची होती. पाटलांनी कुणाचेच नाव घेतले नाही. घ्यावे लागलेच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बांधाच्या मधल्या, अजून न भरलेल्या खिंडीत ओटी भरायला राहीने उतरायचे, आणि वरून माती लोटायची, असे ठरले होते. तिला कुणी सांगितले नव्हते. पण दुष्काळात नवे लुगडे अंगावर आल्यावर सांगायचे आणखी काय राहते?

शिदनाथ एक पाऊल पुढे सरला. तो हलक्या आवाजात म्हणाला, "चल माझ्यासंगं. आत्ताच्या आत्ता. घाट उतरून जाऊ."

"नि मग? थोरल्या जाऊबाईंना उतरवतील," राही म्हणाली. "बाळ दूध पितंय अजून." हातातली भिक्षा त्याच्या झोळीत घालत ती म्हणाली, "आयेला सांगू नका, बाबा. इचारलं तर म्हणा, पोरगी सुखात हाय."

इथे तात्या नेहमी काठी रोखून बांधाची मधली जागा दाखवतात. मग पुढे सांगू लागतात.

शिदनाथ त्या दुपारी बांधावर गेला. त्याला कुठेतरी जायचे होते, आणि गावात बसवेना. माती तुडवणारे लोक चिखलात पाय ओढत होते. ज्याला त्याला दुसऱ्या दिवसाची गोष्ट ठाऊक होती. "नाथबाबा, काहीतरी वाजवा," कुणीतरी म्हणाले. "पाय उचलंना झालेत."

त्याने वाजवायला घेतले. पदाची चाल, संथ, डोलवणारी. लोक डोलले, पण पाय चिखलात नुसते घसरत राहिले. आणि शिदनाथाच्या मनात तर आग लागली होती. ती हातात उतरली. तो गज असा रेटून ओढू लागला, की एका हिसक्यात गजाचे निम्मे केस तटातटा तुटले. किंगरी बंद पडली. नवे केस लावायचे तर घोडा हवा, आणि गावातले एकमेव घोडे राहीच्या नवऱ्याबरोबर मुलूखगिरीवर गेले होते.

बायका तेव्हा कामकऱ्यांसाठी पाणी घेऊन आल्या होत्या. राहीने घागर खाली ठेवली. ती शिदनाथाजवळ आली, तुटलेला गज तिने पाहिला आणि शेजारच्या बाईच्या कमरेचा विळा घेतला. काय होतेय ते कळायच्या आत तिने आपल्या अंबाड्यातली एक लांब बट कापली. बायांच्या तोंडून "अगं बया!" निघाले. नवरा जिवंत असताना सवाष्णीने केसाला विळा लावायचा म्हणजे केवढे अभद्र!

"उद्या मी कुठं नि क्यास कुठं," राही म्हणाली. सगळे ऐकत होते, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

तिने आपले केस गजाच्या उरलेल्या केसांना बांधले. पाटलाची सून ती, तिला गजाचे काय कळणार? गोसावी केस जोडताना गाठ कधीच ठेवत नाहीत, दोन्ही टोकांना गुंडाळतात. हिने मधोमध गच्च गाठ मारली, गोणीचे तोंड बांधावे तशी. शिदनाथाने पाहिले, पण तिचा हात अडवावा असे त्याला वाटेना.

"आता आयेची चाल वाजवा," ती म्हणाली. "जात्यावरची. मी हितं आठवण काढते. आज तिला लागू दे उचकी."

बयाबाईची ती ओवी शिदनाथाने कैकदा तिच्या ओट्यावर बसून ऐकली होती.

*सरलं दळयण, सुपात उरला दाणा,*
*घाटावरल्या राहीचा वारा निरोप आणंना.*

त्याने ती चाल वाजवायला घेतली. जाते गरगर फिरावे तशी ती चाल, आणि त्याच्या हातातली आग अजून विझली नसल्याने ती आणखीच जलद निघाली. सूर धावत गेले, गाठ तारेपाशी आली, आणि गज अडकला. किंगरीने हिक्क केले आणि थांबली. पुन्हा सुटली, पुन्हा धावली, पुन्हा गाठ आली, पुन्हा हिक्क.

तुडवणारे लोक त्या धावत्या चालीबरोबर नकळत धावू लागले होते. किंगरी अडली तेव्हा सगळ्यांचा एक एक पाय उचललेलाच राहिला. आता पुढे काय, म्हणून सगळे कान देऊन थबकले. आणि किंगरी सुटली तसे सगळ्यांचे पाय एकदम खाली आले. धप्प! काठावरची घागर हिंदकळली. एवढी माणसे इतके दिवस तुडवत होती, पण एकाच क्षणी सगळ्यांचा पाय मातीवर कधी पडलाच नव्हता. पुन्हा चाल धावली, पुन्हा थबकले, पुन्हा धप्प. मातीतून पाणी फुटून बाजूने वाहू लागले. काठावरची पोरे ओरडली, "किंगरीला उचकी लागली! किंगरीला उचकी लागली!" आणि त्या उदास बांधावर, कुणाला हसायचे नव्हते तरी, लोक हसले. राहीही हसली असे म्हणतात.

शिदनाथ ऊन उतरेपर्यंत थांबला नाही. तिन्हीसांजेला पाटील आले, त्यांनी नेहमीप्रमाणे काठी मातीत रोवली. काठी गेली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी दाबली. काठी वाकली, पण माती वाकली नाही. तो मोजके बोलणारा माणूस काठी टाकून मटकन खाली बसला आणि मातीवर तळवे टेकून सगळ्यांदेखत रडला.

"माती बसली," तो म्हणाला. "मग माज्या पोरीचं काय काम हाय?" सून म्हणाला नाही, पोरगी म्हणाला. ही गोष्ट गाव अजून आवर्जून सांगते.

भानू देवऋषी पुढे आला. तो काही दुष्ट नव्हता, भ्यायलेला होता. "पाटील, शब्द दिलाय," तो म्हणाला. "पाण्याला बोललेलं फेडलं न्हाई, तर बांध ऱ्हाईल. पर गाव ऱ्हाईल का?" बोललेला नवस मागे घेता येत नाही, हे लहान पोरही जाणत होते.

तेव्हा शिदनाथ उठला. त्याने गज दोन्ही हातांवर आडवा धरला, गुरूने दिला होता तसा.

"पाण्यानं काय मागितलंय? पाटलाच्या घरची सून," तो म्हणाला. "तिचा क्यास ह्यात हाय. तिनं आपल्या हातानं कापून बांधलाय, तिच्या आयेची ओवी ह्यानं म्हटलीया. ह्यो गज म्हंजी तीच. ह्याची ओटी भरा, नि ह्याला खिंडीत उतरवा."

गज गेला म्हणजे गोसाव्याची फेरी गेली, पोट गेले, हे सांगायची गरज नव्हती. राही "बाबा, नगं" म्हणत पुढे झाली, पण त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

देवऋषी म्हणाला, कौल लावू. ग्रामदेवाच्या मूर्तीवर फुले चिकटवली गेली. उजवे पडले तर गज मान्य, डावे पडले तर सून. सगळे गाव देवापुढे बसले. आणि उजवे फूल पडले. आता काही जण म्हणतात, देवाने दिले. काही म्हणतात, वारा होता. पण गावातल्या बायका असे सांगतात, की फूल पडले तेव्हा पाटलीणबाई देवाला नमस्कार करायला वाकल्या होत्या, आणि त्यांचा पदर अंमळ जास्तच पसरून मूर्तीच्या उजव्या अंगाला लागला होता. देवऋषीने तो पाहिला की नाही कोण जाणे. "कौल उजवा!" असे मात्र तो सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गजाला हळदकुंकू लावले, खणात गुंडाळले आणि खिंडीत ठेवले. वरून माती पडू लागली. आणि तेव्हा लोकांच्या ध्यानात आले, की आता वाजवायचे कशाने? ही शेवटची खिंड, पाण्याचा सगळा रेटा इथेच येणार, आणि किंगरी मुकी झाली. लोक मातीत उतरले आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

मग राही त्या खिंडीत उतरली. जिथे तिला गाडायचे होते तिथेच, तेच हिरवे लुगडे कासोटा घालून नेसलेली. ती आईची ओवी म्हणू लागली. लोकांचे पाय हलू लागले. आता थबकायचे कुठे, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले, आणि त्याच घटकेला तिला उचकी लागली. खरीखुरी. तिचा एक पाय उचललेला, तोंडातली ओवी अर्धी. सगळे गाव एका पायावर थांबले. तिने पाय टेकला, तसा सगळ्यांनी टेकला. ती उचकी खिंड भरेपर्यंत थांबली नाही म्हणे. माती तिच्या पायांखाली थराथराने वर येत गेली, आणि तिच्याबरोबर राहीही वर येत गेली, आणि सूर्य कलला तेव्हा ती बांधाच्या माथ्यावर उभी होती.

शिदनाथ रित्या हातांनी घाट उतरला. जांभूळतळीला बयाबाईने त्याला ओट्यावर बसवले, पाणी दिले आणि विचारले, "गज कुठं तुमचा?" राहीने बजावले होते, आईला सांगायचे नाही. तो म्हणाला, "लेक सुखात हाय." बयाबाई म्हणाली, "परवा दळण उरकंना मला. जातं घातलं की तिची आठवण दाटायची, खुंटा धरून तशीच बसून ऱ्हायची, नि मला सारखी उचकी. कायतरी झालं व्हतं का वं?" शिदनाथाने पाण्याचा तांब्या पुन्हा तोंडाला लावला. पुढे जातभाईंनी त्याच्यासाठी घोड्याचे केस आणून नवा गज बांधला. त्याने त्यात आपल्या हाताने मधोमध एक गाठ मारली आणि बयाबाईच्या ओट्यावर पहिल्यांदा वाजवली ती तिचीच ओवी. चाल धावली आणि अडली. बयाबाई दळता दळता थांबली. "माजी ओवी हितं का थांबती?" तिने विचारले.

"तिथं तुमची राही हाय," शिदनाथ म्हणाला. त्याहून जास्त तो आयुष्यात कधी बोलला नाही.

त्या पावसाळ्यात तळे भरले आणि बांध हलला नाही. बातमी पसरली. जिथे जिथे माती बसवायची होती, बांध, खळे, घराची जमीन, तिथून शिदनाथाला बोलावणे येऊ लागले. दुसऱ्या गोसाव्यांनी आधी त्याची टर उडवली. "नाथा, गज नीट बांधायला शीक आधी!" त्यांनी चाल उचलली आणि गाठ वगळली, स्वच्छ, सलग वाजवली. पण लोकांचे पाय घसरू लागले, खळी भेगाळली. तेव्हा निमूटपणे तेही गाठ मारायला लागले. पण तात्यांचे म्हणणे असे, की गोसाव्यांपेक्षा ही चाल लेकींनी जास्त पसरवली. खडकवंडची मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत बांधावरचे एक ढेकूळ घालत. सासरी पहिल्या कार्याला ती म्हणे, आमच्याकडे असं नाचतात, आणि पाय उचलून दाखवी. कुठे या चालीला थबक म्हणतात, कुठे लंगडी. पण अडते सगळीकडे एकाच जागी.

आजही या भागातला किंगरीवाला नवा गज बांधतो तेव्हा मधोमध एक गाठ मारतो, आणि तिला राहीची गाठ म्हणतो. आजही वैशाखात, पाऊस येण्याआधी, सगळे खडकवंड अनवाणी बांधावर जमते आणि उचकी नाचते. परगावी दिलेल्या लेकींचे त्या संध्याकाळी फोन येतात. "नाचलात का? मला उचकी लागली होती." काही जणी खोटे बोलत असतील, पण आया ते खरे धरून चालतात.

आणि एक रीत आहे, ती पाहायलाच तात्या पाहुण्यांना थांबवून घेतात. त्या वर्षी गावात आलेली नवी सून हिरवे लुगडे नेसून बांधाच्या मधोमध, जुन्या खिंडीवर उभी राहते. किंगरी अडली की सगळे गाव एक पाय उचलते. पण तिने टेकल्याशिवाय कुणी पाय टेकायचा नाही. पाटील असो, पुजारी असो, सरपंच असो. मध्ये एका खट्याळ सुनेने इतका वेळ पाय वर धरला, की सरपंच तोल जाऊन पाण्यात पडले, आणि ती पदर तोंडावर घेऊन हसत राहिली. तिला कुणी बोल लावला नाही. "लावणार कोन?" तात्या म्हणतात. "एकदा ह्या गावानं सुनेसाठी थांबायचं न्हाई असं ठरवलं व्हतं. आता ती म्हनंल तवर थांबायचं."

किंगरी अडते. बांधावर म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, सगळे एका पायावर डुगडुगत उभे असतात, कुणी कुणाचा खांदा धरतो, आणि सगळ्यांचे डोळे त्या एका पोरीच्या पावलाकडे लागलेले असतात.